सिंकखालची दोन दारं

गिरणी बंद पडली आणि बाबांच्या हाताला काम उरलं नाही, म्हणून घाटकोपरच्या डोंगरावरच्या आमच्या खोलीत खडे आले. खोट्या दागिन्यांवर चिकटवायचे, राईएवढे. आई, मी आणि धाकटी बहीण जमिनीवर मांडी घालून बसायचो, हातात चिमटे. एक खडा तिरका बसला तरी व्यापारी अख्खं पाकीट परत पाठवायचा, आणि मग आमटीत डाळ शोधावी लागायची. बाबा प्रत्येक कुडी बल्बसमोर धरून अशी निरखायचे, जणू आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्यांची सराफी होती. "वाकडा आहे, काढ," एवढंच बोलायचे.

अशा घरातली पोर पुढे किरकिरीच निघणार. मी पदवी घेतली, वर इंटिरियरचा कोर्स केला. आमच्या खानदानात पदवी घेणारी मी पहिली. हे मी न विचारताच सांगते, कारण विचारायची वाट बघत बसलं तर कोणी विचारत नाही.

नोकरी लागली अंधेरीत, मॉड्युलर किचन बसवून देणाऱ्या एका ऑफिसात, प्रोबेशनवर. तिथे मी सगळ्यांचा जीव खाल्ला. हँडल रेषेत नाही, काढा. ड्रॉवर कुरकुरतो, काढा. मिस्त्री लोक पाठीमागे मला 'भिंग' म्हणायचे. ते कळलं तेव्हा खरं तर वाईट वाटायला हवं होतं. मला सत्कार झाल्यासारखं वाटलं.

आमच्या मॅडमना तसं वाटत नव्हतं. "तुझी कामं सुंदर असतात गं," त्या म्हणाल्या, "पण संपत नाहीत. बोरिवलीचं किचन गणपतीच्या आधी दे. तिथल्या काकूंचा 'किचन मिळालं' असा मेसेज आला की तू कायम. नाही आला, तर दुसरीकडे बघ."

बोरिवलीच्या काकूंचंही काही कमी पणाला लागलेलं नव्हतं. गावी जाणं झेपत नाही म्हणून त्यांच्या घरचा गणपती यंदा पहिल्यांदाच मुंबईत बसणार होता. जावांना ते अजिबात पसंत नव्हतं. फ्लॅटमध्ये कसला गणपती, असं गावभर बोलून झालं होतं, आणि आता त्याच जावा हरतालिकेला सामानासकट येऊन थडकणार होत्या.

किचन छान बसलं. फक्त सिंकखालची दोन दारं बाकीच्या दारांपेक्षा किंचित पिवळट आली होती. मिस्त्री म्हणाला, "सिंकखाली वाकून कोण बघतलो, ताई?"

"मी बघते ना," मी म्हटलं, आणि दारं उतरवून कारखान्यात परत पाठवली.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात फोन लावला. कोणी उचलेना. मिस्त्रीला लावला, तर मागे एसटी स्टँडवरचा गोंगाट. "माका गाडी पकडूची आसा. तुमची दारां आता गणपती गेल्यार!" आणि फोन बंद.

मी मॅडमना सांगितलं. त्यांनी विचारलं, "तू कोकणातलीच ना गं?"

"हो."

"आणि चतुर्थी तोंडावर असताना माल परत पाठवलास? कारखान्यात आता वॉचमन तरी आहे का?"

माझी पार वाट लागली होती. हरतालिकेच्या सकाळी मी बोरिवलीत काकूंसमोर उभी होते. सिंकखाली पाइप, फडकी, कचऱ्याचा डबा, सगळं आ वासून बघत होतं. काकूंचा कडक उपास होता, त्यामुळे माझी खैर नव्हती.

"दुपारी जावा येतील. त्यांना काय, कचऱ्याचा डबा दाखवू?"

माझ्या डोक्यात एक सुंदर पॅनल होतं. ते चार दिवसांनी मिळालं असतं. मग मी ते डोक्यातून काढलं, खाली हार्डवेअरच्या दुकानात गेले आणि खिडकीच्या पडद्याला लावतात ती स्प्रिंगची तार आणि हुक घेऊन आले. काकूंनी एक जुनी सुती साडी काढून दिली. ती कापून मी चुण्या घालायला लागले. सवयीनं टेप काढलाच.

"मोजतेस काय? पडदा आहे तो, शालू नाही."

पडदा लागला. एका बाजूला बोटभर खाली. माझे हात शिवशिवायला लागले. काढून परत लावावा म्हणून पुढे वाकलेही, तेवढ्यात बेल वाजली.

थोरल्या जाऊबाई थेट स्वयंपाकघरात. ओट्यावरून बोट फिरवून धूळ बघितली, ड्रॉवर उघडून मिटले. मग पडद्यासमोर थांबल्या.

"ह्यां काय गो? येवढो खर्च करून शेवटी पडदोच?"

काकू नारळ खवत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मुद्दाम लावून घेतला. खोबऱ्याचे हात दाराला कोण लावणार? पायानं सरकवायचा."

जाऊबाईंनी माझ्याकडे पाहिलं. पदवीचा काही उपयोग करायची हीच वेळ होती. "शिवाय हवा खेळती राहते," मी गंभीरपणे म्हटलं. "पाइपांना बरं असतं."

त्यांनी पायाच्या अंगठ्यानं पडदा सरकवला. परत सरकवला. "माज्या घराकय असोच लाव गो."

काकूंनी खवणीआडून मला डोळा मारला. मग फोन माझ्याकडे ढकलला. "माझे हात भरलेत. तुझ्या मॅडमना तूच लिही, किचन मिळालं."

मी लिहिलं, 'किचन उत्तम मिळालं.'

"उत्तम खोड," काकू डोकावून म्हणाल्या. "उपास आहे माझा. खोटं नको."

मॅडमना पडद्याचं मी स्वतःच सांगितलं. त्या इतक्या हसल्या की मला फोन कानापासून लांब धरावा लागला.

अनंत चतुर्दशीनंतर नवीन दारं आली. ती पहिल्यापेक्षा जरा जास्तच पिवळट होती. मी बघितलं, मिस्त्रीनं मी बघताना बघितलं. "बसव," मी म्हटलं. तो बिचारा घाबरून दोनदा विचारून गेला, तब्येत बरी आहे ना?

त्या महिन्यात मला नोकरीत कायम केलं. आज अंधेरीपासून बोरिवलीपर्यंतची आमच्या ऑफिसची सगळी किचन माझ्या हाताखाली होतात, आणि सांगितलेल्या दिवशी लोकांच्या ताब्यात जातात.