तो काटा नव्हता

गेल्या रविवारी वहिनीची तेरवी झाली. नरखेड तालुक्यातल्या आमच्या गावाहून नागपूरला परत आलोय... ऑफिसात बसतो, पण मन लागत नाही.

वहिनी म्हणजे माझ्या चुलतभावाची, सुधाकरदादाची बायको. संत्र्याच्या बागेत गवत कापताना तिच्या पायाला काहीतरी टोचलं. काटा असेल म्हणाली आणि हातातलं काम आटोपूनच घरी आली.

संध्याकाळपर्यंत पाय मांडीपर्यंत सुजला, हिरड्यांतून रक्त यायला लागलं. दवाखान्यात नेलं तेव्हा कळलं, घोणस चावली होती. इंजेक्शनं लगेच दिली, पण विष फार भिनलं होतं... नागपूरला रामदासपेठेतल्या हॉस्पिटलमध्ये आणेपर्यंत किडन्या निकामी झाल्या होत्या.

सदर भागातल्या माझ्या ऑफिसातून सुटलो की मी रोज तिच्याजवळ जाऊन बसायचो. एकदा तिनं डोळे उघडले आणि मलाच विचारलं, "भाऊजी, जेवले का तुम्ही?" त्यानंतर ती माझ्याशी काही बोलली नाही.

गावी तेरवीची तयारी सुरू होती. शेजारची मंदा लंगडत अंगणात आली. शेतात काटा रुतला म्हणाली, लावायला थोडी हळद हवी होती.

दादा ओसरीवर बसला होता. वहिनी गेल्यापासून तो कुणाशी धड बोलला नव्हता. तो उठला, खाली बसून त्यानं मंदाचा पाय नीट पाहिला... "याले काटा म्हनू नको वं मंदा. बस गाडीवर."

"तुमच्या घरी असं असताना... तुम्ही काहून येता, भाऊ?"

"घरचं होऊन जाईन. तू बस."

दादानं मोटरसायकल काढली, मी मागे बसून मंदाला धरलं. थेट सरकारी दवाखाना गाठला. तिलाही घोणसच चावली होती.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणलं, आता धोका टळला. ते ऐकून दादा बाकावर बसला आणि पहिल्यांदा रडला. "हिले आनलं... तिले काहून नाही आनलं गा मी?"

मी त्याच्या पाठीवर हात ठेवून बसलो...

शेतात काही टोचलं आणि काय टोचलं ते दिसलं नाही, तर घरी थांबू नका. तडक दवाखान्यात जा. हे सगळ्यांना सांग, असं दादानंच मला म्हटलं. आणि लिहिशील तिथं तिचं नाव लिही म्हणाला.

वहिनीचं नाव वनिता होतं.