शाईची तबकडी

चौथीतून शाळा सुटली आणि कामासाठी खानदेशातून मी लोणावळ्याला आलो. फोटो स्टुडिओच्या मालकांनी, चाचांनी, मला ठेवून घेतलं. ते उपकार मी विसरलेलो नाही. माझं काम निगेटिव्हची काच दुरुस्त करण्याचं. काचेवर धूळ बसली की बारीक भोक राहतं आणि छापल्यावर तिथे काळा ठिपका येतो. म्हणून भोकात ब्रशने शाई भरायची. शाई जास्त झाली तर उलट पांढरा डाग उमटतो.

स्टुडिओतला फोटोग्राफर माझ्याच वयाचा, पण मॅट्रिक झालेला. दिवाळीत त्याने इंदुरीचा किल्ला टिपला. त्या काचेवर माझा ब्रश जरा जड पडला, आणि छापलेल्या फोटोत बुरुजावर पांढरी, चपटी थाळी तरंगू लागली. वर्तमानपत्रांत तेव्हा अमेरिकेतल्या उडत्या तबकड्या गाजत होत्या. फोटो दर्शनी कपाटात लागला नि गर्दी जमली.

"मला तर काहीच दिसलं नव्हतं," तो पहिल्या दिवशी म्हणाला. चौथ्या दिवशी त्याला ती दिसली होती. आठवड्याने तिचा घूं घूं आवाजही आला.

परंदवडीच्या एका मावशींनी त्याला विचारलं, "तबकडी मंजी गान्याचीच न्हवं? मग वाजली का न्हाई?"

"वाजली की, मावशी!"

"कंचं गानं?"

सगळे हसले. तो गोरामोरा झाला. तेवढंच मला बरं वाटलं.

स्टेशनजवळचा हॉटेलवाला त्याला फुकट चहा पाजू लागला. डाग माझा, चहा त्याला! सांगावं, तर कामातला गबाळेपणा उघडा पडणार आणि गाशा गुंडाळून घरी जावं लागणार. जळतच मी पुढची काच उचलली.

उर्से गावच्या एका आबांनी प्रत मागितली, तेव्हा चाचांनी काच खिडकीपाशी तिरकी धरली. शाई चमकली. त्यांनी ओला कापूस माझ्या हातात दिला.

"पूस. आणि ब्रश कमी भिजवत जा, बेटा."

बस्स, एवढंच. मी डाग पुसला, भोक नीट भरलं.

आबांनी नवी प्रत उलटसुलट पाहिली. "तबकडी कुटं गेली?"

फोटोग्राफर कॅमेरा पुसू लागला. मीच म्हणालो, "उडाली, आबा. उडतीच होती ना!"

डागाची एक प्रत मी ट्रंकेत जपली आहे. मागे फोटोग्राफर म्हणून त्याचं नाव आहे. ते खोडायला आजही हात शिवशिवतो.