सुनेनं किडनी दिली तो भाग

"तुमच्या दोन्ही किडन्या आता काम करणार नाहीत," डॉक्टरबाई म्हणाल्या. त्यावर मी विचारलं, "घरी जायला उशीर होईल का?" संध्याकाळी माझी सिरियल असायची.

डॉक्टरबाईंना वाटलं मला नीट ऐकू आलं नाही. त्यांनी तेच वाक्य पुन्हा, हळू म्हटलं. माझा मुलगा प्रशांत रिपोर्टच्या पाकिटाची कड मोडत बसला होता. सून वर्षा माझ्याकडे बघत होती. मग त्यांनी क्रिएटिनिनचा आकडा सांगितला. क्रिएटिनिन म्हणजे रक्तात साठलेला कचरा मोजायचं माप. किडनी तो कचरा बाहेर टाकते. माझी टाकत नव्हती, आणि बरेच महिने टाकत नव्हती.

ज्यांच्या घरी असा रिपोर्ट आला आहे, किंवा उद्या येईल, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. खुणा सगळ्या होत्या. पाय सुजत होते, मी म्हटलं नागपूरचा उन्हाळा. तोंडाला लोखंडाची चव येत होती, मी वर्षाच्या फोडणीला नावं ठेवली. अंगाला खाज सुटली, मी साबण बदलला. लघवीला फेस येतो हे तर कुणाला सांगायचं असतं हेच मला माहीत नव्हतं. तुम्ही सांगा. लाज नंतर वाटू द्या.

डायलिसिस सुरू झालं. म्हणजे अंगातलं रक्त नळीवाटे मशीनमध्ये न्यायचं, धुवायचं आणि परत आत सोडायचं. एक दिवसाआड, दर वेळी चार तास. सुरुवातीला मानेत नळी घातली. पाणी मोजून. डाळ मोजून. बटाटा दोनदा पाण्यात भिजवून. नागपुरात राहून संत्रं बंद, कारण त्यात पोटॅशियम असतं, आणि ते रक्तात वाढलं की हृदय थांबू शकतं. हे सगळं डॉक्टरबाईंनी इतक्या शांतपणे सांगितलं की मी मान डोलावत राहिले, जणू शेजारणीची गोष्ट चालली आहे.

डायलिसिसच्या हॉलमध्ये भिंतीवर टीव्ही आहे, आणि दुपारी त्याच्यावर माझ्याच सिरियलचं पुनःप्रसारण लागतं. ही सिरियल सुरू झाली तेव्हा माझी नात पाळण्यात होती, आता ती कॉलेजात आहे. त्या काळातली मी म्हणजे एक नमुना होते. शेजारणींसमोर म्हणायची, "छे, मी कुठं बघते, लिखाणात काही दम नाही." आणि नायकाचा अपघात झाला त्या दिवशी गुपचूप उपास धरला होता. नवऱ्याला सांगितलं, पित्त झालंय. नायक वाचला, नवऱ्याने मात्र मला आठवडाभर आल्याचा रस पाजला.

हॉलमध्ये मी एक पद्धत पाडली. भाग संपला की कोणीतरी विचारायचं, "आज लिहिणं कसं वाटलं?" आणि मग एकेका बेडने मत द्यायचं. शेवटचा तास सगळ्यात वाईट असतो. बीपी खाली येतं, पायात गोळे येतात, बाजूचा माणूस ओकतो. त्या तासात कोणाला तरी शिव्या घालायला मिळणं हे औषधच होतं. आम्ही त्या लेखकाला घालायचो.

समोरच्या बेडवर लकडगंजचे लाकडाचे व्यापारी मोहनभाऊ. ते म्हणायचे, "एका सहीत कंपनी जाते, दुसऱ्या सहीत वापस येते. लिहिणाऱ्यानं कधी दुकानाचं शटर तरी उचललं काय?" माझ्या बाजूला रामटेककडची शेवंता. घरची धानाची शेती, पन्नाशीही गाठली नव्हती. तिचं मत रोज एकच: "काकू, एवढे लोकं जेवतात त्यायच्या घरी, भांडे कोणीच घासून नाही राहिलं. भांडे जातात कुठं?"

आमच्या पाळ्या एक दिवसाआड. म्हणजे आम्हाला निम्मेच भाग दिसायचे, आणि तरी कधी काही चुकलं असं वाटलं नाही. एवढी कडक टीका कोणा पेपरवाल्यानेही केली नसेल.

मग सिरियलमधल्या सासूच्या किडन्या गेल्या.

पहिल्या दिवशी हॉलमध्ये कोणी बोललं नाही. पडद्यावरची सासू नथ घालून मशीनला लावलेली, आणि नळ्यांमध्ये रक्तच नाही. शेवंता म्हणाली, "हिले गोळे नाही येत काय पायाले?" तेव्हा कुठे सगळे हसले. पण मी पडद्यावरून नजर काढली नाही. पुढे काय होणार हे मला ठाऊक होतं. त्या घरातली थोरली सून आपली किडनी देणार होती. तिने इतक्या वर्षांत बाकी सगळंच दिलं होतं, एवढंच उरलं होतं.

आता माझ्या घरचं सांगते. प्रशांतने स्वतःची तपासणी करून घेतली होती. तो बुटीबोरीला कापडाच्या कारखान्यात आहे, रात्रपाळ्या करतो. तपासणीत त्याचीच साखर वाढलेली निघाली. डॉक्टरबाई म्हणाल्या, "यांची घेता येणार नाही. उद्या यांनाच गरज पडेल." नवरा माझा केव्हाच गेला. नात अजून कॉलेजात, तिचं नावही कोणी काढलं नाही. उरली वर्षा. तिने न बोलता रक्तगट तपासून घेतला. ओ निघाला. ओ म्हणजे कोणालाही चालणारा. सुनेचा रक्तगटही सुनेसारखाच.

डॉक्टरबाईंनी स्पष्ट सांगितलं, "सून कायद्याने रक्ताची नातेवाईक नाही. एका समितीपुढे जावं लागेल. ते तिला एकटीला बसवून विचारतील, कोणाचा दबाव आहे का." मग क्रॉसमॅच, म्हणजे माझं रक्त तिच्या पेशींना शत्रू समजतं का, ते आधीच बघायचं. अशा बऱ्याच तपासण्या. वर्षा सगळ्याला हो म्हणत गेली.

इकडे अमरावतीहून माझ्या नणंदेचा रोज फोन. "वहिनी, पाहिला काय आजचा भाग? काय सून लिहिली आहे. वर्षाले दाखवा." वर्षा भाकरी करत ऐकायची. फोन स्पीकरवर असायचा. मी तो बंद करायची नाही.

मला किडनी हवी होती. हे गोडीत सांगता येत नाही, म्हणून सरळ सांगते. मला तांब्या गच्च भरून पाणी प्यायचं होतं. मला त्या मशीनच्या बेडवरून उठायचं होतं. रात्री पडल्या पडल्या वर्षाच्या बारीक कमरेकडे माझं लक्ष जायचं आणि वाटायचं, आत दोन आहेत, हिला एक पुरते.

सिरियलमध्ये ऑपरेशनचा भाग आला त्या दिवशी प्रशांतला सुटी मिळाली नाही, म्हणून वर्षा तिच्या शाळेत रजा टाकून माझ्यासोबत आली. स्टूल ओढून माझ्या पायांशी बसली. पडद्यावर थोरली देवीसमोर पदर पसरून, सासू रडते, नवरा हात जोडतो, शेवटी सासू म्हणते तू सून नाहीस, लेक आहेस. भाग संपला. हॉलमधले सगळे वर्षाकडे बघत होते, आणि बघत नाही असं दाखवत होते.

शेवंताला राहवलं नाही. "काकू, आज लिहिणं कसं वाटलं?"

मी इतके दिवस त्या थोरलीच्या किडनीबद्दल एक अक्षर बोलले नव्हते, हे तिला बरोबर कळलं होतं.

तुम्हाला माझी सुनेची वर्षं माहीत नाहीत. लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी विचारलं, चहा घेतेस का. मी लाजून नको म्हटलं. झालं, ही चहा घेत नाही असं घरभर ठरलं, आणि ती बावळट पोरगी कित्येक वर्षं दुसऱ्यांचा चहा गाळत वासावर जगली. आज भेटली तर तिच्या डोक्यात टपली मारीन. तर अशी मी. थोरलीचं लिखाण कुठे खोटं आहे हे मला नाही तर कोणाला कळणार.

मी म्हटलं, "एकदम बकवास. आठवडा झाला, त्या पोरीले कोणी विचारलं काय? सासूले डायलॉग, नवऱ्याले डायलॉग, पुजाऱ्यालेसुद्धा डायलॉग. तिले फक्त आसवं. घाबरली असं एक वाक्य नाही. मी लिहिणारी असती तर पहिले तिले नाही म्हणू दिलं असतं. मग हो म्हणती, तर त्या हो ले काही अर्थ होता."

मोहनभाऊ म्हणाले, "सही बात आहे."

मला चेव चढला. मी वर्षाकडे वळले. "तू सांग वं. तुले कसं वाटलं?"

वर्षाने टीव्हीकडे पाहिलं. तिथे साबणाची जाहिरात चालली होती. मग म्हणाली, "मले भेव वाटते, आई."

तिने स्टूल थोडं मागे सरकवलं.

"सगळे माझ्याकडंच पाहून राहिले होते म्हणून मी हो म्हटलं. मले नाही द्यायची."

मोहनभाऊंनी भिंतीकडे तोंड केलं. शेवंता चादरीचं टोक ओढत बसली. माझ्या मशीनचा अलार्म वाजला, सिस्टर आली, तिने काहीतरी बटण दाबलं आणि ती गेली.

तुम्हाला वाटेल, मी तिचा हात हातात घेतला. नाही घेतला. मला राग आला. इतका, की दातावर दात बसले. मी तिला बोलतं केलं होतं ते हो ऐकायला. आधी नाही म्हणायची मुभा द्यायची आणि मग भरल्या हॉलमध्ये तिचा खणखणीत हो घ्यायचा, असा माझ्या मनातला भाग होता. समीक्षक म्हणून मी बरोबर निघाले आणि किडनी हातची गेली. आम्ही दोघी ऑटोने घरी निघालो. ती बाहेर नव्हे, माझ्याकडे तोंड करून बसली होती, मला आधार म्हणून. मी रस्त्याकडे बघत होते.

पुढच्या भेटीत मी डॉक्टरबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "आता कळलं ते बरं झालं. ऑपरेशनच्या दिवशी कळण्यापेक्षा." मग वर्षाकडे बघून म्हणाल्या, "घरच्यांना आम्ही फक्त एवढंच सांगतो की तुमची घेता येत नाही. कारण विचारायचा हक्क कोणाला नाही." वर्षा तिथे पहिल्यांदा रडली.

नणंदेला मी कळवलं, जुळत नाही.

"पण सिरियलमध्ये तर जुळली," ती म्हणाली.

"ती लेखकानं जुळवली, वन्सं. इथं लेखक नाही."

माझं नाव आता प्रतीक्षायादीत आहे. मेंदू मृत झालेल्या माणसाच्या घरच्यांनी दान केलं तर किडनी मिळते. म्हणजे कोणाच्या तरी घरचा सगळ्यात वाईट दिवस यायची मी वाट बघते आहे. हे मनात आलं की मी यादीचा विचार सोडून देते. माझ्या वयाला नंबर लागेल असं डॉक्टरबाई म्हणत नाहीत, लागणार नाही असंही म्हणत नाहीत.

शेवंता पावसाळ्यात गेली. धानाच्या रोवणीचे दिवस होते. बांधीत, म्हणजे धानाच्या वाफ्यात, पाणी उभं, बाया मिळत नव्हत्या, म्हणून तिने आधी डायलिसिसची एक पाळी चुकवली, मग दुसरी. अंगात पाणी चढलं, छातीत भरलं. रामटेकहून आणेपर्यंत श्वास संपला. मी माझ्या पाळीला गेले तर तिच्या बेडवर नवी चादर आणि एक पोरगेलासा माणूस, मानेत नळी, डोळे घाबरलेले. दुपारी सिरियल लागली. थोरली ऑपरेशननंतर पुरणपोळ्या लाटत होती. भाग संपला आणि कोणी काही विचारलं नाही. भांड्यांची चौकशी करणारी शेवंता आता नव्हती, आणि तिच्यासाठी काही बरं लिहिणारंही कोणी नव्हतं. पाळी चुकवू नका. शेत राहू द्या, लग्न राहू द्या, पण पाळी चुकवू नका. मला यापेक्षा शहाणं काही सांगता येत नाही.

वर्षा बरेच दिवस माझ्यासमोर चोरासारखी वावरायची. भाजी नेहमीपेक्षा मऊ, चादर नेहमीपेक्षा ताणलेली. मी पण काही सोपी नव्हते. पाणी मागताना आवाज मुद्दाम बारीक करायची. एकदा मी असंच कण्हत म्हटलं, "अर्धा कप वाढव वं आज." ती गॅससमोरून वळली. "नाही. तुमचं आजचं झालं. अन् तो आवाज काढू नका, मले समजते."

तो 'नाही' एकदम कोरा करकरीत होता. मला हसू आलं आणि ते थांबेना. तीही हसली, मग पदराने डोळे पुसत पोळीकडे वळली, ती करपली होती. त्या दिवसापासून घरात बोलणं परत सुरू झालं. आता ती मला हो म्हणते तेव्हा मला खरं वाटतं. एवढ्यासाठी मी तिची ऋणी आहे, आणि हे तिला तोंडावर सांगायची माझी हिंमत नाही, म्हणून इथे लिहिलं.

तुमच्या घरी कोणी द्यायला तयार असेल तर घ्या, आनंदाने घ्या. पण त्या माणसाला एकदा एकटं विचारा, फोनचा स्पीकर बंद करून. आणि उत्तर काहीही आलं तरी जेवायला एकत्र बसा.

मानेतली नळी निघाली आहे. डाव्या हातात फिस्टुला केला आहे, म्हणजे शीर आणि धमनी जोडून तयार केलेली मशीनची वाट. ती कधीही बंद पडू शकते, म्हणून रोज हात लावून बघावं लागतं की आत रक्ताची थरथर आहे की नाही. माझी बोटं बधिर झाली आहेत, मला कळत नाही. सकाळी शाळेत शिकवायला निघायच्या आधी वर्षा येते, माझ्या मनगटावर तळवा ठेवते आणि मान तिरकी करून थोडा वेळ उभी राहते.

"चालू आहे," म्हणते, आणि चप्पल घालते.