टाळ्यांची काळजी

काळजी करण्याची स्पर्धा जगात कुठेही भरली, तर पहिला नंबर माझ्या बायकोच्या मावसभावाचा येईल, याबद्दल मला शंका नाही. शंका त्यालाच असेल. निकाल लागेपर्यंत आपला नंबर हुकेल ही काळजी, आणि लागल्यावर आपल्यामुळे दुसऱ्या कुणाचा हुकला ही काळजी. आम्ही लंडनजवळच्या स्लाऊला राहायला आलो त्याच्या आधीपासून तो लंडनमध्ये एका तळघरातल्या साऊंड स्टुडिओत कामाला होता. खेळांवरच्या आणि संगीतावरच्या मोठ्या माहितीपटांना तिथे आवाज चढवत. कधी एखादा म्हातारा बॉक्सर, कधी खाणकामगारांचा ब्रास बँड. चित्र दुसऱ्यांनी काढलेलं असे. त्यातला ठोसा, धाप, बुटांची करकर, गर्दीचा गलका हे सगळं याच्या हातून जाई. इतक्या आवाजांची जबाबदारी एका जिवावर पडल्यावर त्याचं जे व्हायचं ते झालं होतं.

आमच्याकडे जेवायला आला की तो आधी फ्रिजला कान लावी. "भाऊजी, हा गुणगुणतोय. जाणार बघा." तो फ्रिज अजून ठणठणीत आहे, पण त्या वाक्यानंतर बायकोने कितीतरी दिवस घरात आइस्क्रीम आणू दिलं नाही. चालू कामाची हार्ड डिस्क तो कधी एकटी सोडत नसे. टॉवेलमध्ये गुंडाळून, डब्याच्या पिशवीत घालून ती तो लग्नामुंजीला आणी आणि मांडीवर घेऊन बसे. एका बारशाला यजमानीणबाईंनी ती पिशवी आहेर समजून आत नेली, तेव्हा पाळण्यातल्या बाळापेक्षा हाच जास्त कासावीस झाला. त्याच डिस्कची आणखी एक प्रत आमच्या कपाटात रजयांखाली असे, कारण त्याच्या घराला आग लागली तर? "काम झालं का रे?" असं विचारलं तर "झालं" हा शब्द त्याच्या तोंडून कधी निघाला नाही. "झाल्यासारखं वाटतंय," एवढंच. तेही दाराकडे बघत.

या काळजीला खरंखुरं कारण मिळालं ते एकदाच. लंडनच्या एजवेअर भागात एक आजी राहत. मूळच्या मुंबईच्या, भायखळ्याच्या ज्यू. घरात मुलं-नातवंडं इंग्रजी बोलत, आजींचं मराठी मात्र बोटीवर चढताना होतं तसंच राहिलं होतं. तरुणपणी त्या टेबल टेनिस खेळत आणि मुंबईतल्या एका फायनलमध्ये त्यांनी फार मोठ्या नावाच्या बाईला हरवलं होतं. त्या सामन्याचं कुणीतरी हौसेने केलेलं मुकं चित्रण सापडलं. त्यात नुसतं टेबल आणि दोघी खेळाडू दिसत, प्रेक्षक नाहीत. त्यावरून आजींवर फिल्म निघाली आणि आवाजाचं काम आमच्या याच्याकडे आलं. इथवर ठीक होतं. मग तो आजींना भेटून आला आणि आमच्या सोफ्यावर डोकं धरून बसला.

"त्यांना दिसत नाही हो, भाऊजी! डोळे टोटली गेलेत. बाकीचे सगळे फिल्म बघणार, त्या फक्त ऐकणार. म्हणजे त्यांच्यासाठी आख्खी फिल्म मीच की! त्यांना स्वतःची मॅच ओळखूच आली नाही तर?"

"येईल रे," मी म्हणालो. पालथ्या घड्यावर पाणी.

तो कामाला भिडला. आजच्या बॅटला स्पंज असतो, तेव्हाच्या बॅटला नुसतं रबर, आवाज टणक. म्हणून जुन्या वस्तू विकणारी चॅरिटी शॉप्स धुंडाळून त्याने एक जुनी बॅट मिळवली आणि चेंडूचा टप्पा न टप्पा चित्राशी जुळवला. राहिल्या टाळ्या. स्टुडिओत तयार टाळ्यांचा साठा होता, पण त्या सगळ्या हातमोजे घालून वाजवल्यासारख्या. मुंबईची माणसं अशी वाजवत नाहीत, या काळजीने त्याने आमच्या इथल्या मराठी मंडळाला एका रविवारी स्लाऊच्या शाळेच्या हॉलमध्ये जमवलं. पुण्या-नागपूरची आयटीवाली मंडळी, त्यांच्या बायका, इकडे आलेले आईवडील. वडापाव मिळणार हे आधीच जाहीर केल्यामुळे उपस्थिती उत्तम होती.

"पॉईंट जिंकलाय, मॅच जिंकलीय, वाजवा!" तो ओरडला. आम्ही वाजवल्या. क्षणभर छान गोंधळ झाला, आणि मग कुणी न सांगता सगळ्या हॉलच्या टाळ्या एका ठेक्यात पडल्या. आरतीच्या. नुकतेच गणपती होऊन गेले होते, आणि सवय तर जन्माची. "सुट्ट्या सुट्ट्या पाहिजेत हो, रँडम!" पुन्हा वाजवल्या, पुन्हा आरती. नंतरच्या खेपेला तर मागच्या रांगेतल्या एका काकूंनी डोळेच मिटून घेतले. त्याचा चेहरा रडवेला झाला. रांगांमधून कान टवकारून फिरत तो माझ्यासमोर येऊन थांबला. मी उपजत बेताल आहे. घरच्या आरतीत मी टाळ्या धरल्या की बायको माझा हात धरते.

"भाऊजी, तुम्ही जरा पुढे येता? तुमचं एकट्याचं रेकॉर्ड करतो."

आयुष्यात प्रथमच माझ्या बेतालपणाला मागणी आली होती. मी तळहात लाल होईपर्यंत वाजवल्या. बाकीच्यांनाही मग त्याने एकेकटं उभं करून वाजवायला लावलं आणि स्टुडिओत बसून त्या सगळ्या टाळ्यांची एक गर्दी केली.

फिल्म सोपवायच्या आदल्या दिवशी आजींना स्टुडिओत ऐकायला बोलावलं. "एकट्याने जमणार नाही, तुम्ही चला," म्हणून मलाही नेलं. आजी पडद्याकडे कान करून बसल्या. चेंडू टकटकू लागला आणि थोड्या वेळाने त्यांचा उजवा हात मांडीवरून उठला. हवेत बॅट धरल्यासारखा तो हलू लागला, प्रत्येक फटक्याला नेमका. आमच्या याने माझा दंड असा आवळला होता की वळ उठले. शेवटचा पॉईंट झाला, टाळ्यांचा कडकडाट झाला, आणि आजींचा हात खाली आला.

"ह्या कुणाच्या टाळ्या?"

"तुमच्यासाठी, आजी. तुम्ही जिंकलात ना."

"माझ्यासाठी कोण वाजवणार? सगळी तिची माणसं आलेली. हॉल चिडीचूप झाला होता रे. फक्त आमचे पप्पा वाजवत होते. एकटेच. लोक वळून बघायला लागले तरी थांबेनात."

मला वाटलं, हा आता कोसळतो. एवढी माणसं, एवढी मेहनत, उद्या फिल्म द्यायची. पण त्याला इतकं शांत मी कधी पाहिलं नव्हतं. ज्याची भीती होती ते होऊन गेलं होतं. एकेका माणसाच्या टाळ्यांचं एकेक बटण त्याच्यासमोर होतं, ती त्याने एकामागून एक खाली ओढली, एकच तेवढं ठेवलं आणि तो पॉईंट पुन्हा लावला. टक, टक, टक. मग शांतता. आणि त्या शांततेत मागून कुठूनतरी एका माणसाच्या टाळ्या, वेड्यावाकड्या, थांबायचं नाव न घेणाऱ्या. माझ्या टाळ्या.

"पप्पा," आजी म्हणाल्या. मग हसल्या. "ताल नव्हता त्यांना कधी."

परतताना गाडीत मी सवयीने विचारलं, "झालं का रे काम?"

"झालं," तो म्हणाला.

आजी त्याच हिवाळ्यात गेल्या. हा पुन्हा पहिल्यासारखा झाला. फ्रिज, डिस्क, रजया, सगळं सुरू आहे, आणि मला त्याचं बरंच वाटतं. पुढच्या गणपतीत तो आमच्याकडे होता. आरती सुरू झाली, माझ्या टाळ्या भरकटल्या आणि बायकोने माझा हात धरायला हात पुढे केला.

"राहू दे, ताई," तो हळूच म्हणाला. "वाजवू दे त्यांना."