मिस्त्रींची आफ्रिकी कुऱ्हाड

आमच्या शेजारच्या मिस्त्रींइतका लोखंडाचा मान राखणारा माणूस उभ्या नगर जिल्ह्यात सापडायचा नाही. नगरजवळच्या नागापूरच्या एका कारखान्यात त्यांनी जन्मभर लोखंड तापवलं आणि ठोकलं. निवृत्त झाल्यावरही हातात चमचा आला की आधी तो कानाशी वाजवून बघायचे आणि मग पोह्यांना हात लावायचे. एका लग्नात पंगत थांबवून त्यांनी वाढप्याचा झारा मागून घेतला आणि "याला पानी नीट दिल्यालं न्हाई," असा निकाल दिला. ते तापलेलं लोखंड पाण्यात बुडवून कडक करण्याबद्दल बोलत होते, वाढपी बिचारा पाण्याचा जग घेऊन धावला.

त्यांचा एकुलता मुलगा काँगोत एका खाणीवर यंत्रं दुरुस्त करायला गेला. जाऊ नको म्हणून मिस्त्री भांडले, तरी गेला, म्हणून त्यांनी पुढे त्याचा एकही फोन घेतला नाही. दोन वर्षांपूर्वी तो तिथेच तापानं वारला. त्याच्या सामानात एक कुऱ्हाड आली. दांड्यावर तांब्याचा पत्रा, पात्याला जाळी आणि जाळीत चिमुकले चेहरे. सोबत चिठ्ठी वगैरे काही नव्हती.

मी इंग्रजीचा निवृत्त मास्तर. जुन्या आफ्रिकी कुऱ्हाडी जमवणाऱ्यांचा एक गट मीच त्यांना मोबाईलवर शोधून दिला, आणि रोज सकाळी चहाबरोबर तिथली चर्चा मराठीत सांगायचं काम माझ्या गळ्यात पडलं. बेल्जियमच्या एका म्हाताऱ्या संग्राहकानं कळवलं, ही चांगली जुनी आहे, आणि लाकूड तोडायची नव्हे, मानाची कुऱ्हाड. तिकडचे सरदार ती खांद्यावर मिरवत. मिस्त्रींनी सगळं वहीत उतरवून घेतलं. पण कुणी ठोकणीबद्दल चुकीचं लिहिलं की ते कप आपटायचे. "सर, त्याला लिवा, कानशीनं घासल्याली धार अन् घनानं ठोकल्याली धार यातला फरक तुमाला कळत न्हाई!" मी ते बरंच सौम्य करून लिहायचो. एकदा त्यांनी अकोले तालुक्यातल्या आपल्या गावातली सरपणाची कुऱ्हाड फोटो काढून टाकली. एका फ्रेंच बाईंनी तिला 'अत्यंत दुर्मिळ' ठरवलं. मुलगा गेल्यानंतर मिस्त्री त्या दिवशी पहिल्यांदा हसले.

मात्र वही मिटताना रोज एकच प्रश्न असे. "पोराच्या हाती ही आली कशी? कुना सरदाराच्या घरच्यांनी दिली आसंल का?"

शेवटी बेल्जियमच्या गृहस्थांनी जवळून काढलेले फोटो मागवले. तिसऱ्या दिवशी त्यांचं उत्तर आलं. पत्रा यंत्रावर कापलेला होता, गंज मुद्दाम चढवलेला होता. अशा कुऱ्हाडी तिथले कारागीर बाजारात परदेशी पाहुण्यांसाठी बनवतात. 'आधी जुनी म्हणालो, माफ करा,' असंही त्यांनी लिहिलं होतं. हे सांगताना मला मिस्त्रींकडे बघवेना.

"पत्र्याचं मला पयल्या दिवशीच कळलं हुतं," ते हळूच म्हणाले. "पन एवढी जानकार मानसं जुनी म्हनत हुती, म्हनून गप बसलो." मग त्यांनी कुऱ्हाड मांडीवर घेतली. "म्हंजी सर, कुनी दिल्याली न्हाई ही. तो बाजारात गेला. दुकानापुढं हुबा राहून निवडली त्यानं. आमच्या घरात लोखंडाचं येड मलाच हाय... मी बोलत नव्हतो, तरी."

"त्या बेल्जियमवाल्यांना लई आभार लिवा," ते म्हणाले, आणि मी लिहिले.

अजूनही मिस्त्री सकाळी येतात. पण वही आणत नाहीत. दोन वर्षं ज्याच्याबद्दल कुऱ्हाडीपलीकडे एक शब्द काढला नव्हता, त्या मुलाबद्दल बोलतात. तो लहानपणी भंडारदऱ्याच्या पाण्याला कसा भ्यायचा, चपाती कशी गुंडाळून खायचा. मी ऐकत राहतो, आणि दोघांचाही चहा निवून जातो.