गळतीताईने वाकवलेली नळी

आमच्या प्रयोगशाळेत सगळे तिला गळतीताई म्हणायचे. मोठ्या पोलादी पिंपातली हवा पंपांनी उपसून ते रिकामं ठेवायचं आणि कुठे बारीकशी गळती झाली की ती हुडकायची, हे तिचं काम. सव्वीस वर्षं तेच. शिक्षण बारावी. तरी नवा आलेख निघाला की आमच्या प्रोफेसरबाई आधी तो तिला दाखवायच्या, मग मला. माझ्या पोटात दुखायचं, खोटं कशाला बोलू?

पिंपात वायूंचे दोन झोत एकमेकांना आडवे सोडायचे. एकातला अणू आणि दुसऱ्यातला रेणू भेटले की पापणी लवण्याच्याही कितीतरी आधी ते चिकटतात, गिरकी घेतात आणि फुटतात. या क्षणभराच्या जोडगोळीला आम्ही मधलं संकुल म्हणायचो. फुटण्याआधी पुष्कळ गिरक्या झाल्या, तर आपण कुठून आलो हेच ते विसरतं आणि तुकडे पुढे-मागे सारखेच उडतात. माझं संकुल असंच आहे, यावर माझा पाच वर्षांचा प्रबंध उभा होता.

मागचे तुकडे मात्र मी मोजलेच नव्हते. तिकडे थंडाव्याची नळी आडवी यायची, मोजयंत्र पोचायचंच नाही. पुढचा आलेख उलटा करून मागे जोडायचा, ही आमच्याकडची जुनी पद्धत.

"मागचं मोजलंस का रे?" एकदा ताईने विचारलं.

"नळी आडवी येते."

"मीच बसवलीय ती. वाकवून देते."

"ताई, तू आपल्या गळत्या बघ ना! प्रबंध मला लिहायचाय."

बाईंनी ते ऐकलं होतं. आठवड्यात नळी वाकली आणि मी दातओठ खात मोजायला बसलो. मागचे तुकडे पुढच्यांच्या निम्मेच निघाले. म्हणजे एक गिरकी पुरी व्हायच्या आतच बहुतेक संकुलं फुटत होती. माझं सगळं मुसळ केरात गेलं असं मला वाटलं, पण बाई खुर्चीतून उठल्याच. एका गिरकीला किती वेळ लागतो हे आम्हाला ठाऊक होतं, त्यामुळे या तुटीवरून संकुलाचं आयुष्यच काढता येत होतं.

"लेखावर आपल्या दोघांबरोबर ताईंचंही नाव घाल," बाई म्हणाल्या. "निवृत्त होतायत. एकदा तरी छापून येऊ दे."

लेख छापायला पाठवताना मी दोनच नावं घातली. ताईला शेवटी, आभारात ढकललं.

छापील प्रत नेमकी तिच्या शेवटच्या दिवशी आली. बाईंनी पहिलं पान पाहिलं आणि माझ्याकडे वळल्या. "ताईंचं नाव कुठंय?"

ताईने प्रत हातात घेतली आणि नावांवरून सावकाश बोट फिरवलं. दोनदा.

"मीच नको म्हटलं त्याला," ती म्हणाली. "मला काय करायचंय नाव?"

तिने प्रत नीट घडी करून पिशवीत ठेवली. बाई तिच्याकडे बघत राहिल्या. तसं त्यांनी माझ्याकडे पाच वर्षांत एकदाही बघितलं नव्हतं. मी ताईच्या पाया पडायला हवं होतं, आणि मला तेव्हाही तिचा हेवाच वाटला.