उदयने गाळलेलं वाक्य

शैलजाचा भाजीवाल्याच्या तराजूवर विश्वास नव्हता, हवामानखात्यावर नव्हता, आणि नवऱ्यावर असला तरी तो तपासून घेतलेला होता. पुण्याच्या शाळेत गणित शिकवताना कॉपी करणारी मुलं तिने नुसत्या मानेच्या कलावरून पकडली होती. उदयला कंपनीने टोकियोला पाठवलं, तेव्हा नोकरी सोडून ती तिथल्या हिगाशी-कसाई भागात राहायला आली. इथे पकडायला कुणी नव्हतं. झोप उडाली ती वर्ष झालं तरी परतली नाही.

शेवटी उदय तिला डॉक्टरांकडे घेऊन गेला. तिला जपानी येत नव्हतं, त्यामुळे दुभाषाही तोच. डॉक्टर बराच वेळ बोलले. मग उदय म्हणाला, "दुपारी झोपायचं नाही. झोप आल्याशिवाय आडवं व्हायचं नाही. लागली नाही तर अंथरुणात लोळायचं नाही, उठून बसायचं. आणि काही झालं तरी सकाळी ठरल्या वेळी उठायचं."

"एवढंच?"

"एवढंच."

झोप येत नाही म्हणून आलेल्या बाईला हा डॉक्टर अंथरुणातून उठवतोय! शैलजाच्या मनात शंकेची पाल चुकचुकली: हे डॉक्टरांचं की उदयचंच? सकाळी उठून डबा कुणाचा होणार? उदयचाच. त्यातून हल्ली तो "थोडे दिवस पुण्याला जाऊन ये" असंही म्हणू लागला होता. आपल्याला इथून कटवायचा घाट आहे, असं तिने पक्कं धरलं. ते तिला फार लागलं.

पुढच्या वेळी उदयला पत्ता न लागू देता तिने वरच्या मजल्यावरच्या वृंदाला सोबत नेलं. वृंदा जपानी ऑफिसात काम करायची. डॉक्टरांनी सगळं तेच सांगितलं. शैलजा हिरमुसलीच. तेवढ्यात ते आणखी काही म्हणाले.

"शैलजाताई, ते विचारतायत, मिस्टरांनी सकाळी 'झोप लागली का?' विचारणं बंद केलं ना? रोज अशी परीक्षा घेतली की झोप आणखी बिचकते, असं गेल्या वेळी त्यांना बजावलं होतं म्हणे."

सापडला! संध्याकाळी उदयला तिने बूटसुद्धा काढू दिले नाहीत.

"हे का गाळलंस?"

तो बुटाच्या नाडीशी चाळा करत राहिला. "ते सोडून सकाळी आपण दुसरं काय बोलतो, शैला?"

तिने आठवून पाहिलं, तर खरंच काही आठवेना. तिला वाईट वाटलं आणि स्वतःची लाजही वाटली.

"मला पुण्याला जायचं नाहीये."

"नको जाऊस. तिथे तरी झोपशील, म्हणून म्हणत होतो."

मग तिने डॉक्टरांचं सगळं पाळलं, कुरकुरत पाळलं. सुरुवातीला हाल आणखी वाढले. दुपारी उभ्याउभ्या डोळे मिटायचे. उदय रोज सकाळी चहाचा कप धरून नवा विषय शोधायचा. ऑफिसातला तानाका-सान, गावाकडचे फोन, काहीही.

एका सकाळी शैलजाला गजराने उठवावं लागलं.

"आज कचरा कुठला न्यायचा, जळणारा की प्लास्टिकचा?" उदयने विचारलं.

"जळणारा."

"थंडी वाढली, नाही?"

"हं."

डबा भरताना तिचं सगळं लक्ष त्याच्याकडे होतं. आता विचारेल, मग विचारेल. तो डबा घेऊन, कचऱ्याची पिशवी उचलून दाराकडे निघाला.

"अरे," तिला राहवेना, "आज तरी विचार की!"